‘नैरोबी माशी’ : माशी नव्हे, चावतही नाही!

केनियातून सुट्टीवर आलेल्या एका तरुणाने परवा मानेवरचा लालसर, फोड आलेला पट्टा दाखवला. “डॉक्टरसाहेब, नागीण तर नव्हे?” घरची मंडळी धास्तावली होती. “आदल्या दिवशी मानेवर किडा चिरडला होतात का?” मी विचारले. त्याला आठवले.

पूर्व आफ्रिकेतली ही ‘नैरोबी माशी’ म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, मुंगीसारखा दिसणारा भुंगेरा. डोके काळे, छाती-पोट नारिंगी, पोटाचे टोक काळे, पाठीवर आखूड निळसर पंख-कवच. तेथे पीडेरस एक्झिमियस व पीडेरस सबेअस या दोन जाती मुख्य. नुसत्या रंगावरून फसगत होते. अशा सख्ख्या जाती ओळखताना कीटकतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या जननेंद्रियाची ठेवण पाहतात.

रुग्णाने एवढे खोलात जायला नको. जात कोणतीही असो, चिरडल्यावर अंगातले पेडेरिन हे विष त्वचेला लागते. जळजळ व फोड बहुधा 12 ते 48 तासांनी उठतात, म्हणून किड्याचा संशयच येत नाही. नागीण मज्जातंतूच्या वाटेने, एकाच बाजूला उठते. ही रेघ किडा जिथे चिरडला तिथेच.

आपल्याकडेही पावसाळ्यात याचे भाऊबंद दिव्यावर येतात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, जागा साबणाने धुवा, तो हात डोळ्यांना लावू नका. डोळा सुजला तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.