ट्रँटॉर : एका दाण्यासाठीही परावलंबी राजधानी

विज्ञानकथांमधल्या सगळ्या राजधान्यांत मला सर्वांत जास्त भावते ती ट्रँटॉर! ती जिथे भेटते ती 'फाउंडेशन' मालिका २०२१ मध्ये ॲपल टीव्हीवर आली, पण आयझॅक ॲसिमॉव्हच्या मूळ कथा १९४२ पासूनच्या.

ट्रँटॉर म्हणजे आकाशगंगेच्या साम्राज्याची राजधानी. अख्खा ग्रहच शहर, सगळीकडे धातूचं आच्छादन. कादंबरीत लोकसंख्या ४० अब्जांहून जास्त, आणि मोकळी माती, झाडं, फुलं दिसतात ती फक्त सम्राटाच्या महालाभोवती. मालिकेच्या पहिल्याच भागात अवकाशात चढणारा 'स्टार ब्रिज' स्फोटाने कोसळतो आणि शहराचे थर चिरत जातो. हा प्रसंग मोठ्या पडद्यावरच बघा.

आम्हा गोंदियाकरांना, धानाच्या जिल्ह्यातल्या लोकांना, यातली एक गोष्ट लगेच कळते. ट्रँटॉरवर शेती नाही. वीस शेतीप्रधान ग्रहांवरून रोज हजारो जहाजं धान्य आणतात, तेव्हा तिथली चूल पेटते. पुरवठ्याची ही नाडी आवळली की राजधानी संपली! पुढे साम्राज्य ढासळतं, ट्रँटॉर लुटलं जातं. मग उरलेले लोक काय करतात? शहराचा धातू विकून बियाणं आणि गुरं घेतात, पुन्हा शेती करतात.

सत्ता कितीही मोठी असो, ती शेतकऱ्याच्याच जिवावर उभी असते, हे ॲसिमॉव्हने फार नेमकं दाखवलंय. कादंबऱ्या जरूर वाचा. तुमची आवडती काल्पनिक राजधानी कोणती?