होडीच्या तळाशी सापडलेलं नाणं

ॲल्युमिनियम गंजत नाही, असं आपण वर्गात सर्रास सांगतो. लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम गंजत नाही; म्हणून तर आजीच्या लग्नातलं जर्मनचं पातेलं आजही दूध तापवायला चालतं. पण पुढच्याच धड्यात आपण फळ्यावर धातूंची क्रियाशीलता श्रेणी लिहितो, आणि तिच्यात ॲल्युमिनियम लोखंडाच्याच काय, जस्ताच्याही वर असतं. मग जास्त क्रियाशील धातू जास्त टिकाऊ कसा? एखादी चौकस मुलगी हे विचारते तेव्हा आपलं उत्तर तयार असतं : ‘त्याच्यावर ऑक्साइडचा संरक्षक थर असतो.’ उत्तर अगदी बरोबर आहे. मीही ते अनेकदा दिलं आहे. त्याचा पुरता अर्थ मात्र मला पीएच.डी. मिळाल्यावर बऱ्याच वर्षांनी कळला, एका तळ्याच्या मधोमध, पायाशी पाणी जमत असताना.

२०११ ते २०१८ आम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहत होतो. हे तळ्यांचं राज्य. दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. आपल्याकडे दारात सायकल टेकवलेली असावी तशी तिथे घराच्या मागे चाकांच्या गाड्यावर, म्हणजे ट्रेलरवर, ॲल्युमिनियमची छोटी होडी ठेवलेली असते. लांबी चौदा फुटांच्या आसपास, पुढे टोकदार, मागे सपाट, आडव्या तीन फळ्या बसायला. मागच्या उभ्या पाटावर मोटार अडकवायची आणि मासे पकडायला जायचं. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे होडीचं वजन शंभर किलोच्या घरात.

या होड्या आल्या विमानांच्या कारखान्यांतून. ग्रमन ही लढाऊ विमानं बनवणारी कंपनी. तिच्यातले एक अधिकारी, विल्यम हॉफमन, १९४४ साली सुट्टीत डोंगरातल्या तळ्यांवर गेले होते. लाकूड आणि कॅनव्हासची जड डोंगी खांद्यावरून वाहताना त्यांच्या मनात आलं, की हीच वस्तू विमानाच्या पत्र्याची का करू नये? १९४५ साली ग्रमनच्या ॲल्युमिनियमच्या डोंग्या बाजारात आल्या. युद्ध संपल्यावर इतरही कारखाने या धंद्यात उतरले. पत्रा वाकवायचा आणि रिवेटांनी जोडायचा, हे विमानाचंच तंत्र.

आमच्या शेजारी ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ राहत. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणे, म्हणून आम्हीही. त्यांची १९६७ सालची होडी दहा-बारा वर्षं झुडपात उपडी पडून होती. २०१२ च्या वसंतात ते म्हणाले, ‘भंगारवाल्याला द्यायची आहे. तुला हवी तर घेऊन जा, पण गळते हं.’ मी पदार्थविज्ञानातली संशोधक, क्षरण हा माझ्या अभ्यासातलाच विषय. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

पहिलं काम गळती शोधण्याचं. त्याची रीत सोपी आणि सुंदर आहे : होडी पाण्यात घालायची नाही, पाणी होडीत घालायचं. ट्रेलरवर होडी ठेवून आत चार इंच पाणी भरलं आणि मुलीला खडू देऊन खाली बसवलं. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे तिनं गोल काढायचा. वर्गात गणित घालायला ही जागा छान आहे. तळ चार मीटर लांब आणि एक मीटर रुंद धरला, पाणी दहा सेंटीमीटर, तर झालं चारशे लिटर, म्हणजे चारशे किलो. होडीच्या स्वतःच्या वजनाच्या चौपट! म्हणून खाली जागोजागी ठोकळे लावावे लागतात, नाहीतर गळती शोधताना होडीच वाकायची. आणि दहा सेंटीमीटर पुरेत का? होडी, मोटार आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो. तेवढ्याच तळाची सपाट पेटी या वजनानं सव्वासहा सेंटीमीटर बुडेल. म्हणजे आपण दिलेला दाब तळ्यातल्या दाबापेक्षा थोडा जास्तच आहे.

तेवीस गोल निघाले. जवळजवळ सगळे रिवेटांभोवती. होडी लाटांवर आपटते, पत्रा थरथरतो, वर्षानुवर्षांनी रिवेट किंचित सैल होतो. उपाय असा, की एकानं बाहेरून रिवेटच्या डोक्यावर हातोडी मारायची आणि दुसऱ्यानं आतून पोलादाचा जड ठोकळा घट्ट दाबून धरायचा. रिवेट दोन्हींच्या मध्ये चेपून पुन्हा फुगतो आणि भोक भरतो. नीट बसला की आवाज बदलतो, खडखड जाऊन टणक होतो. आतल्या माणसाच्या कानांचं काय होतं ते आमच्या घरी विचारा.

लाकडी तळ उचलल्यावर खाली कुजका पाला, चिखल आणि पाणी पिऊन जड झालेला फोम निघाला. (असा फोम नुसता काढून टाकून चालत नाही. होडीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून तो असतो. त्याच्या जागी पाणी न शोषणारा नवा बसवावा लागतो.) चिखलात शिशाची गळाची वजनं आणि एक सेंटचं एक नाणं सापडलं. १९८२ पूर्वीच्या या नाण्यांत ९५ टक्के तांबं असे. नाणं उचललं तर खाली पांढऱ्या भुकटीचं कडं आणि मधोमध आरपार भोक. आजोबांच्या खिशातून कधीतरी पडलेल्या एका सेंटनं पत्रा खाल्ला होता.

हे कसं घडतं? ॲल्युमिनियमचा ताजा पृष्ठभाग हवेत उघडा पडला की क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. जाडी दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे वीस हजाराव्या हिश्शाएवढी. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी गळून पडतो. हा थर घट्ट चिकटून बसतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरतो. ॲल्युमिनियमचं सारं आयुष्य या कातडीवर अवलंबून. पण तिच्या काही अटी आहेत. तीव्र आम्ल किंवा अल्कली नको. क्लोराइड नको. भरून यायला ऑक्सिजन हवा, आणि चिखलाखाली, ओल्या फोमखाली तोच मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तांब्याची संगत. ओल्या जागी तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देऊन विरघळत जातं, तांबं जसंच्या तसं राहतं.

ही गोष्ट लोकांनी फार महाग किंमत देऊन शिकलेली आहे. १८९५ साली अमेरिका चषकाच्या शर्यतीसाठी नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी ‘डिफेंडर’ नावाची शिडाची नौका बांधली. वजन वाचवायला पाण्यावरचा भाग ॲल्युमिनियमचा, पाण्याखालचा ब्राँझचा, आतली चौकट पोलादाची. नौका शर्यत जिंकली. पण समुद्राच्या पाण्यात तीन धातूंचा तो मोठा घटच होता. ॲल्युमिनियम झपाट्यानं झिजलं. १८९९ साली सरावापुरती तिची डागडुजी झाली आणि १९०१ साली ती मोडीत निघाली.

ते नाणं मी प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलं. आल्यागेल्या विद्यार्थ्याला दाखवून श्रेणी समजावून सांगत असे. आणि त्याच आठवड्यात दुकानातून होडीच्या तळासाठी प्लायवूड आणलं. ओलाव्यानं कुजू नये म्हणून चांगलं, दाबाखाली औषध मुरवलेलं, फिकट हिरव्या झाकेचं. तो हिरवा रंग कशाचा, हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही.

२०१४ च्या जूनमध्ये मुलगी आणि मी तळ्यात बऱ्याच आत होतो. ती आठ वर्षांची. ‘आई, माझे मोजे ओले झाले,’ ती म्हणाली. मला वाटलं, पाणी उडालं असेल. दहा मिनिटांनी फळीच्या फटीतून पाणी वर आलं. मोटार चालू होती, दोघींच्या अंगात तरंगजाकिटं होती (तिथे दहा वर्षांखालच्या मुलांना ती कायद्यानंच सक्तीची आहेत), काठ फार दूर नव्हता. डब्यानं पाणी उपसत परत आलो. ती घाबरली नाही. मी घाबरले होते.

घरी फळी उचलली. प्लायवूड जिथे जिथे पत्र्याच्या कण्यांवर टेकत होतं, तिथे पांढऱ्या भुकटीच्या ओळी होत्या आणि ओळींमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं. दोन हिवाळ्यांत! अमेरिकेत २००४ पासून आर्सेनिक घातलेलं लाकूड घरगुती वापरातून गेलं आणि त्याच्या जागी तांब्याचं प्रमाण आणखी वाढवलेली औषधं आली. ओलसर लाकडातून तांब्याचे आयन झिरपतात, ॲल्युमिनियमवर बसून त्यांचे धातूचे सूक्ष्म कण होतात, आणि प्रत्येक कण म्हणजे एक छोटं नाणं. मी एक नाणं काढलं होतं आणि त्याच्या जागी लाखो पेरले होते.

हे तुम्हाला वर्गात दहा मिनिटांत दाखवता येईल. दोन काचेच्या पेल्यांत मोरचुदाचं फिकट निळं द्रावण घ्या. पेलाभर पाण्याला लहान अर्धा चमचा पुरे. दोन्हींत ॲल्युमिनियम फॉइलची एकेक पट्टी सोडा. श्रेणीप्रमाणे लगेच अभिक्रिया व्हायला हवी, पण बराच वेळ फारसं काही दिसत नाही. इथे थांबा, मुलांना कारण विचारा. मग एका पेल्यात चमचाभर मीठ घालून ढवळा. पट्टीवर बुडबुडे येतात, तांबूस थर धरतो, पेला कोमट लागतो, पट्टी चाळणीसारखी होऊन तुटते. मिठातल्या क्लोराइडनं कातडी फोडली आणि तांब्याला वाट मिळाली. मोरचूद विषारी आहे, हात धुवायला लावा. आणि उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माशांना ते फारच बाधतं. मोरचूद नसेल तर स्टीलच्या डब्यात लोणचं ठेवून त्याला टेकेल असं फॉइल झाका. एक-दोन दिवसांत लोणचं टेकलं तिथे बारीक छिद्रं दिसतील.

दुसऱ्या दुरुस्तीत मी हात आखडता घेतला नाही. आधी जुना रंग काढला. रंग काढायला तिथे कॉस्टिक सोड्याची मिश्रणं मिळतात. ती ॲल्युमिनियमला मुळीच लावू नयेत. सोडा कातडी विरघळवून पत्रा खाऊ लागतो आणि हायड्रोजन सुटतो. कोरडं घासणंही नको. त्या काळच्या अस्तरात झिंक क्रोमेट असे आणि त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक. शिवाय ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते. म्हणून तोंडाला योग्य मास्क बांधून ओला सँडपेपर वापरला. तारेचा ब्रश साध्या लोखंडाचा नको, त्याचे कण पत्र्यात रुतून गंजतात.

भोकं वेल्डिंग करून बुजवू, असा नवऱ्याचा आग्रह होता. पण ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना आणि त्याचं ऑक्साइड २००० अंशांच्याही वर. कातडी वितळायच्या आत खालचा पातळ पत्रा वाहून जातो. हे घरच्या वेल्डिंग यंत्राचं आणि नवशिक्याच्या हाताचं काम नव्हे. टाचणीएवढी भोकं खरवडून इपॉक्सीनं भरली. जिथे भोकं दाट होती तिथे त्याच जातीच्या मिश्रधातूचा पत्रा, खाली पाणबंद लेप आणि कडेनं रिवेट. जात महत्त्वाची आहे. होडीला मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम लागतं. विमानांचे काही मजबूत मिश्रधातू तांबं घालून केलेले असतात, म्हणजे शत्रू घरातच.

रंगाची खरी अडचण तीच कातडी आहे. गुळगुळीत ऑक्साइडवर रंग धरत नाही, सालीसारखा सुटतो. म्हणून घासून, स्वच्छ पुसून, त्याच दिवशी फॉस्फोरिक आम्ल असलेलं अस्तर द्यायचं. ते पृष्ठभाग किंचित कोरतं आणि रंगाला पकड देतं. तळाचं पितळी बूच काढून प्लास्टिकचं बसवलं. मोटारीचे बोल्ट मात्र स्टेनलेस स्टीलचेच राहू दिले. ते चालतात, कारण बोल्ट छोटा आणि पत्रा मोठा. झीज मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. उलट मोठ्या तांब्याच्या पत्र्याला ॲल्युमिनियमचा छोटा रिवेट मारला तर तो काही आठवड्यांत दगा देईल. तरीही प्रत्येक बोल्टाखाली नायलॉनची चकती घातली. तळाला साधं प्लायवूड, सगळ्या कडांसकट इपॉक्सीचे तीन हात देऊन.

पाणी भरून पुन्हा तपासणी केली. मुलगी खडू घेऊन तासभर खाली बसली आणि एकही गोल न काढता कंटाळून उठली.

२०१८ साली परत येताना होडी एका विद्यार्थ्याला दिली. फळ्या उचलून त्याला सगळं दाखवलं. त्यानं पहिल्याच पावसाळी दिवशी निरोप पाठवला : ताडपत्री बांधायला तांब्याची तार घरात पडली आहे, वापरू का?