पॅडल मारा, ड्रॅगनपासून बॅरेजपर्यंत!

सिंहगडाच्या घाटात सायकल दामटणाऱ्या पुणेकरांना सिंगापूर म्हणजे पोरखेळ. इथला सर्वांत उंच डोंगर बुकित तिमा, जेमतेम १६४ मीटर. आपलं पुणे शहरच त्याच्या तिप्पट उंचीवर वसलंय! घाम मात्र सपाटीवरही धो धो येतो, कारण विषुववृत्त दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा उजाडताच निघा.

सुरुवात तोआ पायोहच्या लोरोंग ६ वरून. इथे १९७९ पासून एक ड्रॅगन ठाण मांडून बसलाय. खोर इअन घी यांनी आखलेली ही मुलांची घसरगुंडी. पायाखाली रबरी चटई नाही, चक्क वाळू! याच वसाहतीतल्या ५३ नंबरच्या इमारतीच्या गच्चीवरून १९७२ मध्ये राणी एलिझाबेथ सरकारी घरांचा नजारा बघून गेल्या. देशातली पहिली मेट्रोही १९८७ मध्ये धावली ती यो चू कांग ते तोआ पायोह.

आता कलांग नदी गाठा. बरीचशी सिमेंटच्या कालव्यातून वाहते. ही देशातली सर्वांत लांब नदी, भरते दहा किलोमीटर. मुंबईची मिठीसुद्धा हिच्याहून लांब. आणि अवताराचं म्हणाल, तर एकेकाळी हिच्या खोऱ्यात डुकरं-बदकं पाळली जायची, कारखान्यांची घाण यायची. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी नदी स्वच्छ करायला दहा वर्षांची मुदत घातली आणि १९८७ पर्यंत ती पाळलीही गेली. (मिठीकाठच्या वाचकांनी इथे सुस्कारा सोडायला हरकत नाही.)

वेळ असेल तर आधी उलटं, बिशानकडे वळा. तिथे याच नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट कालवा फोडून २०१२ पर्यंत ३.२ किलोमीटरची नागमोडी नदी केली. बक्षीस म्हणून पाणमांजरं सहकुटुंब हजर! सायकलमार्गावर वेग मात्र ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवा.

पुढे शहर जवळ येतं तसा थाट वाढतो. कलांगच्या जुन्या विमानतळाची इमारत लागते. १९३७ मध्ये, बेपत्ता होण्याच्या काही दिवस आधी, अमेलिया इअरहार्ट इथे उतरली होती. मग ३१० मीटर व्यासाच्या घुमटाचं राष्ट्रीय स्टेडियम, आणि शेवटी मरीना बॅरेज हा बंधारा. गवताळ छतावर पतंग उडवायला झुंबड, समोर खाडीपलीकडे गगनचुंबी इमारती. २००८ मध्ये या बॅरेजने समुद्र बाहेर अडवला आणि खाडीचं गोड्या पाण्याचं तळं झालं. म्हणजे वाटभर शेजारून वाहत आलेलं पाणी शुद्ध होऊन नळाला येतं! भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर बॅरेजचे दरवाजे उघडता येत नाहीत. मग सात पंप कामाला लागतात. एकेक पंप मिनिटाला जवळजवळ एक ऑलिंपिक जलतरण तलाव समुद्रात रिकामा करतो.