दिवा लागला, पण चोर कोण?

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेल्या मोटारीत कधी कधी स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. म्हणजे इंजिनाची काहीतरी तक्रार आहे! गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला, की एक सांकेतिक क्रमांक मिळतो. समजा, 'पी ०१७१' आला. अर्थ असा, की इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी.

ही बातमी देतो ऑक्सिजन सेन्सर. तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसून धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो. मग बदलायचा का सेन्सर? थांबा! तो तर साक्षीदार. खरा चोर बहुधा वेगळाच असतो. एखादी जुनी रबरी नळी तडकते आणि तिच्यातून जादा हवा आत शिरते. कधी पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला असतो. नुसता साक्षीदार बदलला, तर हजारो रुपये जातात आणि दिवा पुन्हा लागतोच!

दिवा सारखा लुकलुकू लागला, तर मात्र गाडी लगेच बाजूला घ्यायला सांगा. तेव्हा पेट्रोल न जळताच बाहेर पडत असतं आणि धूर स्वच्छ करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो.

मग गॅरेजमध्ये काय विचाराल? "काका, सेन्सर बदलण्याआधी नळ्या पाहिल्यात का?"