लांबट चेंडूचा खेळ आणि आपली मुले

वर्धा जिल्ह्यात कबड्डी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आर्वी असो की हिंगणघाट, मूठभर चुना आणि दोन संघ एवढ्यावर मैदान उभे राहते. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी लोकांना दाखवून आणला. रग्बीचे तसे नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, तिचे तुकडे मुलांनी मोबाइलवर पाहिले आणि आम्हाला विचारले, "सर, ही कबड्डी आहे की कुस्ती? आणि चेंडू पपईसारखा का?"

खेळ सोपा आहे. चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. पळायचे पुढे, पण हाताने चेंडू द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. ज्याच्याकडे चेंडू त्यालाच पकडून पाडता येते, आणि पकड खांद्याच्या खालीच हवी. मोठ्या प्रकारात १५-१५ खेळाडू आणि ८० मिनिटे. छोट्यात ७-७ आणि अवघी १४ मिनिटे. ऑलिंपिकमध्ये आहे तो हा छोटा.

इंग्लंडमधील रग्बी गावच्या शाळेवरून नाव पडलेला हा खेळ इंग्रजांबरोबर लवकरच आपल्याकडे आला. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात सामना झाला, पुढच्या वर्षी क्लबही निघाला. पण हवा उष्ण, लोकांचे मन पोलोकडे, क्लब मोडला. खात्यात उरलेले चांदीचे २७० रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवून घेतला. झाकणावर हत्ती आणि मुठींच्या जागी तीन नाग. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्याच्यासाठी झुंजतात तो 'कलकत्ता कप' हाच. चांदी आपल्या टांकसाळीतली, खेळ मात्र आपल्या गावांपर्यंत पोचला नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने तो जपला, पण जिमखान्याच्या कुंपणाआत.

इतर देशांत असे कुंपण राहिले नाही. न्यूझीलंड आणि वेल्समध्ये रग्बी म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट. दक्षिण आफ्रिकेत तो गोऱ्यांचा खेळ मानला जाई. १९९५ चा विश्वचषक जिंकला तेव्हा नेल्सन मंडेला संघाची जर्सी घालून मैदानात उतरले, आणि २०१९ मध्ये तोच चषक सिया कोलिसी या कृष्णवर्णीय कर्णधाराने उचलला. जॉर्जियात 'लेलो बुर्ती' नावाचा गावोगावचा जुना खेळ होता, दोन गावांची झटापट. म्हणून तिथे रग्बी परकी वाटलीच नाही. ज्या मातीत कबड्डी आहे तिथे ती का परकी वाटावी, असे आम्हाला राहून राहून वाटते.

पण खरी नवलाई फिजीची. लोकसंख्या सुमारे नऊ लाख, म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहूनही कमी! या देशाने २०१६ मध्ये रिओला ब्रिटनला ४३-७ असे हरवून सुवर्णपदक घेतले. फिजीचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. आनंदात सरकारने चक्क सात डॉलरची नोट काढली. टोकियोतही सुवर्ण त्यांचेच. १८७९ पासून गिरमिटिया म्हणून तिथे नेलेल्या हिंदुस्थानी हिंदू-मुस्लिम मजुरांची मुले-नातवंडे मात्र बहुतेक फुटबॉलकडे वळली. शेजारी राहूनही मैदाने वेगळी राहिली.

आपल्या वाचकांना ओळखीची वाटतील अशी नावेही आहेत. मोरोक्कोत जन्मलेला अब्देलातिफ बेनाझी फ्रान्सचा कर्णधार झाला. न्यूझीलंडच्या सनी बिल विल्यम्सने इस्लाम स्वीकारला आणि २०११ व २०१५ चे विश्वचषक जिंकले. २०१५ च्या अंतिम सामन्यानंतर एक मुलगा धावत मैदानात शिरला, रक्षकाने त्याला पाडले. सनी बिलने त्याला उठवले आणि आपले पदक त्याच्या गळ्यात घातले. २०१७ मध्ये त्याने जर्सीच्या कॉलरवरचे बँकेचे चिन्ह चिकटपट्टीने झाकले. व्याजाची जाहिरात अंगावर नको, एवढेच म्हणणे. तिथल्या रग्बी संघटनेने ते मान्य केले.

आता आपल्या मुली. २०१९ च्या जूनमध्ये मनिला येथे भारताच्या महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवले. १५ जणींच्या खेळातील देशाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा. शेवटच्या मिनिटांत विजयी किक मारली ओडिशातल्या आदिवासी घरच्या सुमित्रा नायकने.

हे वर्गात सांगितले, त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीची अम्मी शाळेत आली. पोरगी वाऱ्यासारखी पळते. "खेळू द्यायला हरकत नाही सर, पण कपडे?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि त्याचे उत्तर खेळाच्या नियमांतच आहे: कुणाला इजा होणार नाही असा स्कार्फ महिला खेळाडूंना बांधता येतो, चड्डीच्या आत लांब टाइट्स घालता येतात. ती म्हणाली, "हात-पाय मोडला तर?" इजा होते, हे आम्ही लपवले नाही. म्हणूनच लहानांसाठी 'टॅग रग्बी' आहे. तीत पाडापाडी नाही. कमरेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लोंबतात, त्यातली एक ओढून काढली की पकड झाली.

पट्ट्यांसाठी मुलींनी घरून जुन्या ओढण्या आणल्या. ती अम्मी दोन दिवस मैदानाच्या कडेला बसून पाहत होती. तिसऱ्या दिवशी धाकटीलाही घेऊन आली.