टाका आतून, ठिगळ खालून

गाडीची सीट सहसा मधोमध फाटत नाही. आधी उसवते ती चालकाच्या दाराकडची उंच कड, कारण चढता-उतरताना अंगाचे सगळे वजन तिथूनच घासत जाते. सुरुवातीला शिवणीचे तीन-चार टाके सुटतात. तसेच वापरत राहिले की बोटभर फटीची वीतभर होते, आतला फोम उघडा पडतो आणि त्याचा भुगा झडू लागतो. मग नुसती शिवण घालून भागत नाही. फट लहान असेपर्यंतचा काळच घरच्या दुरुस्तीला सोयीचा असतो. अनेक जण नेमक्या याच वेळी वरून नवे सीट कव्हर चढवतात. त्याने फट फक्त झाकली जाते, खाली ती वाढतच राहते.

दुरुस्तीआधी सीट कशाची आहे ते ओळखायला हवे. सीटखाली हात घालून आवरणाची दुमडलेली कड पाहिली की बरेचसे कळते. कापडी सीटला मागून पातळ स्पंज चिकटवलेला असतो. रेक्झिनच्या उलट्या बाजूला विणलेले अस्तर दिसते. खऱ्या चामड्याची उलटी बाजू मखमलीसारखी, तंतुमय असते. बऱ्याच गाड्यांत बसायचा भाग चामड्याचा आणि बाजू रेक्झिनच्या असतात, त्यामुळे जिथे फाटले आहे तिथलाच माल तपासावा.

उसवलेली शिवण सीट न काढताही घालता येते. त्यासाठी अर्धगोल वाकडी सुई आणि जाड नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा लागतो. सुती दोरा घामाने आणि दमट हवेने कुजतो, तो वापरू नये. फटीच्या दोन बोटे अलीकडून, शाबूत शिवणीतूनच सुरुवात करावी आणि गाठ आत दडवावी. मग एका काठाच्या दुमडीत सुई घालून आतल्या आत एक टाका पुढे काढायची, समोरच्या काठात घालायची, पुन्हा तसेच. दोरा शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसू लागतो. चार-पाच टाके झाले की तो हळूहळू ओढावा, म्हणजे दोन्ही काठ जवळ येऊन दोरा शिवणीत गडप होतो. सुई जुन्याच भोकांतून गेली पाहिजे. रेक्झिनला किंवा चामड्याला नवी भोके पाडली तर ती ओळ कमकुवत होते आणि पुढच्या खेपेला शिवण न सुटता मालच फाटतो. काठ ओढूनही जुळत नसतील तर जोर करण्यात अर्थ नाही; तिथे माल आक्रसलेला असतो आणि पट्टीच बदलावी लागते.

सीटच्या पाठीला दाराकडच्या बाजूने ‘एअरबॅग’ असे लेबल असेल तर तिथे सुई लावूच नये. त्या सीटची ठरावीक शिवण मुद्दाम अशी घातलेली असते, की एअरबॅग फुगताच ती क्षणात उसवावी. घरी घातलेला पक्का दोरा तिला अडवू शकतो. जाड सीट कव्हरांचाही हाच धोका आहे.

शिवणीपासून दूर रेक्झिनला चीर पडली असेल तर ठिगळ खालून लावायचे. चिरेच्या सर्व बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त असा डेनिमचा किंवा कॅनव्हासचा तुकडा, कोपरे गोल कापून, चिमट्याने आत सरकवून सपाट करावा. त्यावर लवचीक राहणारा गोंद लावून काठ जुळवावेत आणि वजन ठेवून रात्रभर सोडावे. झटपट चिकटणारा सुपर ग्लू इथे चालत नाही. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि बसता-उठता त्याच्याच कडेने नवी चीर जाते. काठ पक्के बसल्यावर दुरुस्तीची लवचीक लांबी पातळ थरांत भरावी, प्रत्येक थर वाळू द्यावा, शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवून रंग लावावा. रंगाची परीक्षा आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या भागावर करावी, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखे दिसत नाहीत.

कापडी सीटला सिगारेटने पडलेल्या भोकाचे काम याहून सोपे. वितळून कडक झालेली कड बारीक कात्रीने काढायची, सीटखालच्या दुमडीतून तेवढाच तुकडा कापून रेघा जुळवत बसवायचा, खालून कापडाचा आधार द्यायचा.

काही नुकसान मात्र घरी भरून निघत नाही. पीव्हीसी रेक्झिन मऊ ठेवणारी द्रव्ये उन्हाने हळूहळू उडून जातात. काचेच्या आतून साचणारा तेलकट थर काही अंशी त्यांचाच असतो. ती गेली की माल ताठरतो आणि जागोजागी भेगाळतो. पीयू लेदर या कृत्रिम चामड्याची अडचण वेगळी. हवेतील बाष्पाने त्याचा वरचा थर विघटित होतो आणि पोपडे सुटतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे लवकर घडते. पोपड्यांवर रंग लावला तर तो पोपड्याबरोबरच निघून येतो. अशा वेळी कुशनवाल्याकडून तेवढा भाग नव्याने शिवून घेणेच स्वस्त पडते.

जुन्या गाडीच्या छताचे कापड लोंबते, तेव्हा बहुतेकांना गोंद सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कापडामागचा पातळ फोम उष्णतेने कुजून त्याची पूड झालेली असते. त्या पुडीवर कितीही गोंद मारला तरी कापड पुन्हा सुटते. छताचा साचा बाहेर काढून जुना फोम मऊ ब्रशने पूर्ण खरवडावा, फोम लावलेले नवे कापड आणावे आणि उष्णता सोसणारा स्प्रे गोंद दोन्ही बाजूंना मारून मधून कडेकडे हाताने दाबत न्यावे. उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीचे छत फार तापते, साधा गोंद तिथे टिकत नाही. या गोंदांची वाफ पेट घेणारी असते, म्हणून काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब करावे. दारांवरच्या कडेत पडदा एअरबॅग असलेल्या गाडीचे छत मात्र घरी उतरवू नये, कारण ती एअरबॅग त्याच कडेतून खाली उघडते. तिथला साचा काढण्या-बसवण्याचे काम माहीतगार गॅरेजकडेच द्यावे. कापड चिकटवायचे काम तेवढे साचा हाती आल्यावर घरी करता येते.