हवामानाचे मासिक मूल्यमापन (भोर व वेल्हे)

एखाद्या प्रदेशात सरलेल्या महिन्याचे हवामान चांगले गेले की वाईट, याविषयी निर्णय करण्याच्या रीतीस हवामानाचे मासिक मूल्यमापन म्हणता येईल. तापमान, पर्जन्य, आर्द्रता, ढगांचे आच्छादन, सूर्यप्रकाशाचा अवधी व वारा हे घटक उपकरणांनी मोजता येतात. परंतु ‘चांगले’ व ‘वाईट’ हे शब्द मोजमापाचे नसून प्रयोजनाचे आहेत. त्यामुळे कोणत्याही मूल्यमापनात दोन प्रश्न गुंतलेले असतात : महिना नेहमीच्या मानाने कसा होता आणि तो कोणाच्या दृष्टीने तसा होता. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हे सह्याद्रीच्या कण्याला लागून असलेले तालुके (यांपैकी वेल्हे तालुक्यास २०२५ मध्ये राजगड हे नाव देण्यात आले) या दोन प्रश्नांतील अंतर स्पष्टपणे दाखवितात.

ब्रिटनमध्ये आर्. एम्. पूल्टर (१९६२) व एन्. ई. डेव्हिस (१९६८) यांनी तापमान, सूर्यप्रकाश व पर्जन्य यांना ठराविक भार देऊन उन्हाळ्याची प्रत दर्शविणारे निर्देशांक सुचविले. त्यांत ऊन व ऊब यांमुळे गुण वाढतात आणि पावसामुळे ते घटतात. असा निर्देशांक मावळातील जुलैला लावला, तर शेतकरी ज्याची देवाकडे मागणी करतो तोच महिना सर्वांत निकृष्ट ठरेल! निर्देशांकाचे गणित निर्दोष असूनही त्यामागील अपेक्षा परक्या असू शकतात, एवढे यावरून लक्षात यावे.

भौगोलिक पार्श्वभूमी : हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे व मोसे खोरे ही येथील जुनी नावे नद्यांच्या खोऱ्यांवरून पडलेली आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी व मोसे या नद्या घाटमाथ्याजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहतात. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणातून कडा चढून येताना थंड होतात व माथ्यावर विपुल पाऊस देतात. पूर्वेकडे उतरताना तेच वारे कोरडे होत जातात. परिणामी घाटमाथ्यालगतच्या गावांत वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेस, नसरापूर–किकवीच्या बाजूस, तो १,००० मिमी.पेक्षाही कमी होतो. या दोन्ही टोकांची मिळून ‘तालुक्याची सरासरी’ काढता येते. मात्र त्या सरासरीचा पाऊस प्रत्यक्षात फारच थोड्या गावांवर पडतो.

पर्जन्याची मोजणी व वर्गवारी : भारतीय हवामानशास्त्र विभाग (स्थापना १८७५) दररोज सकाळी ८·३० वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजतो व तो मोजणीच्या दिवसाच्या नावे नोंदवितो. त्यामुळे ३० जूनच्या रात्री कोसळलेला पाऊस जुलैच्या हिशेबात जातो. ज्या दिवशी २·५ मिमी. वा अधिक पाऊस होतो, तो ‘पर्जन्यदिन’ होय. महिन्याची बेरीज दीर्घकालीन सरासरीशी ताडून तफावत टक्क्यांत सांगतात. ती उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास पाऊस सामान्य, २० ते ५९ टक्के जादा असल्यास अधिक व ६० टक्के वा त्याहून जादा असल्यास अत्यधिक. तसेच २० ते ५९ टक्के तूट असल्यास न्यून व ६० ते ९९ टक्के तूट असल्यास अतिन्यून मानला जातो.

ही वर्गवारी सोपी आहे व प्रशासनाच्या उपयोगाची आहे. तथापि महिन्याच्या मापाने ती वापरताना तिच्या मर्यादा जाणवतात. एप्रिलमध्ये या भागाची सरासरी इतकी अल्प असते, की वळवाच्या एकाच सरीने महिना ‘अत्यधिक’ पावसाचा ठरतो. याउलट घाटमाथ्यावरील जुलैत २० टक्क्यांची तूट म्हणजे शेकडो मिमी. पाणी, तरीही भाताला तिची झळ लागेलच असे नाही. शिवाय मासिक पर्जन्याचे वितरण सममित नसते. थोड्या अतिवृष्टीच्या महिन्यांमुळे सरासरी वर ओढली जाते व निम्म्याहून अधिक महिने तिच्या खालीच राहतात. कोरड्या महिन्यांच्या बाबतीत हा दोष विशेष ठळक असतो. म्हणून गिब्ज व माहेर यांनी ऑस्ट्रेलियात (१९६७) सर्व नोंदी चढत्या क्रमाने लावून त्यांचे दहा समान भाग पाडण्याची दशांशक पद्धती सुचविली. मॅकी, डोस्केन व क्लाइस्ट यांचा प्रमाणित पर्जन्य निर्देशांक (१९९३) हाही याच अडचणीवरील उपाय आहे. त्यामुळे घाटमाथ्याचा व पठाराचा महिना एकाच मापाने, म्हणजे ‘असा महिना किती वर्षांतून एकदा येतो’ या मापाने, तोलता येतो.

बेरजेत न दिसणारी गोष्ट म्हणजे पावसाची वाटणी. समजा, एका केंद्रावर जुलैत ६०० मिमी. पाऊस झाला. तो पंचवीस दिवसांत सारखा विभागून पडला, तर लावण्या उरकतात, खाचरे भरलेली राहतात व विहिरींना पाझर लागतो. तोच चार दिवसांत पडला, तर बांध फुटतात, लावलेली रोपे वाहून जातात व उरलेल्या दिवसांत खाचराला भेगा पडतात. तक्त्यात मात्र दोन्ही महिन्यांपुढे एकच आकडा येतो. जुलै २०२१ मध्ये हे भीषण रीतीने दिसले. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील अतिवृष्टीने २२ जुलै रोजी वरंध घाटाखालील महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली आणि भोर–महाड मार्ग ठिकठिकाणी खचला. त्या महिन्याचे मूल्यमापन बेरजेवरून करणे व्यर्थ होय.

भाताचा महिना : पश्चिम भागाचे मुख्य पीक भात असून आंबेमोहोर व अलीकडे इंद्रायणी हे वाण परिचित आहेत, वरकस जमिनीत नाचणी व वरई होतात. भातशेतीच्या दृष्टीने प्रत्येक महिन्याची अपेक्षा निराळी असते आणि येथील जाणता शेतकरी महिन्याचा निवाडा त्या अपेक्षेवरूनच करतो. एप्रिल–मेमध्ये पालापाचोळा, गवत व शेण पसरून राब भाजतात. त्यासाठी कोरडी हवा हवी असते. इतरत्र ‘दिलासा देणारा’ म्हणून वाखाणला जाणारा वळीव येथे राब भिजवितो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईपर्यंत पोहोचला. अशा वर्षी मे महिना आकड्यांनी कितीही समृद्ध दिसला, तरी राब भाजणे व धूळवाफेवर बी टाकणे या कामांचा खोळंबा होतो. जूनच्या प्रारंभी, मृगावर, बी पडून रोपे उगवली, की सु. तीन आठवड्यांनी ती लावणीस येतात. लावणीसाठी चिखलणी होईल एवढे पाणी साचले पाहिजे. जून कोरडा गेला तर रोपे उशिरा तयार होतात. जुलै कोरडा गेला तर तयार रोपे तरव्यातच वयस्कर होतात व पुढे त्यांना फुटवे कमी येतात. ऑगस्टमध्ये संततधारेपेक्षा ऊन-पावसाचा पाठशिवणीचा खेळ हितकर असतो. सप्टेंबरमध्ये पीक पोटरीत येऊन निसवते. त्या वेळी पाण्याचा ताण पडल्यास पळिंज वाढते. ऑक्टोबरात हळव्या भाताची कापणी सुरू होते व तेव्हा पाऊस नको असतो, परंतु गरव्या भाताला हस्ताचा पाऊस दाणा भरण्यासाठी उपयोगी पडतो. एकाच गावातील दोन शेजाऱ्यांचे ऑक्टोबरविषयीचे मत त्यामुळे भिन्न असू शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रभर लांबलेल्या पावसाने काढणीस आलेल्या पिकांची हानी केली. पर्जन्याच्या हिशेबात मात्र तो सरासरीहून जादा पावसाचा महिना होता.

इंग्रजी महिना हे एककही येथे फारसे सोयीचे नाही. शेतकरी सूर्यनक्षत्रांवर पाऊस मोजतो. प्रत्येक नक्षत्र १३-१४ दिवसांचे असते. जुलै महिन्यात आर्द्राचा उत्तरार्ध, पुनर्वसू (तरणा पाऊस) व पुष्य (म्हातारा पाऊस) येतात. वाहनांवरून वर्तविल्या जाणाऱ्या भाकितांना शास्त्रीय आधार नाही. परंतु पंधरवड्याएवढा कालखंड घेऊन पाऊस तपासण्याची रीत पिकाच्या अवस्थांशी चांगली जुळते व खंड लपू देत नाही. चांद्र महिन्यांचा मात्र या कामी उपयोग होत नाही, कारण अधिक मासामुळे श्रावण कधी लवकर, तर कधी उशिरा येतो.

एका महिन्याची कमाई दुसऱ्याच्या तोट्याला झाकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०२३ मध्ये देशभराचा जुलैचा पाऊस सरासरीपेक्षा सु. १३ टक्के अधिक व ऑगस्टचा सु. ३६ टक्के कमी होता. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. चार महिन्यांची एकूण तूट मात्र सु. ६ टक्केच भरली.

धरणांचा महिना : वेळवंडीवरील भाटघर हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील धरण (लॉइड धरण), नीरेवरील नीरा-देवघर, गुंजवणीचे धरण आणि मुठा खोऱ्यातील पानशेत व वरसगाव यांचे पाणलोट क्षेत्र बव्हंशी याच डोंगराळ पट्ट्यात आहे. नीरेचे पाणी बारामती, इंदापूर, फलटण व माळशिरसकडील कालव्यांना जाते. पानशेत व वरसगावचे पुणे शहराला. त्या दृष्टीने घाटमाथ्यावर कोसळणारा जुलै हा चांगला जुलै होय. पाणलोटातील गावांचा अनुभव निराळा आहे. तीव्र उताराच्या व सच्छिद्रता कमी असलेल्या बेसाल्ट खडकावरून पाणी वाहून जाते व एप्रिल–मेमध्ये धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तेथे जुलै कितीही भरघोस झाला, तरी त्याने मे महिना सुखाचा होत नाही. १९६१ चा मोसमी पाऊस देशाच्या नोंदींत सर्वाधिकांपैकी आहे. त्याच वर्षी १२ जुलै रोजी, काम पूर्ण होण्यापूर्वीच भरलेले पानशेत धरण फुटले व पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

शासकीय निकष : महसूल प्रशासनाचा निवाडा हवेपेक्षा पिकाकडे पाहून होत असे. प्रमाण उत्पादन पूर्वी सोळा आणे व नंतर शंभर पैसे मानून पिकाची आणेवारी वा पैसेवारी ठरविली जाते व ती पन्नास पैशांच्या खाली गेल्यास टंचाई मानण्याची प्रथा पडली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यतूट, वनस्पतींची स्थिती, मृदेतील ओलावा व जलसाठा यांना महत्त्व दिले. अतिवृष्टीसाठी महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी. पाऊस ही मर्यादा वापरतात. ही मर्यादा पठारी मुलखाला योग्य आहे. घाटमाथ्यालगतच्या मंडळांत मात्र जुलैतील असे दिवस विशेष गणले जात नाहीत. तेथे हानी होते ती २००-३०० मिमी.च्या दिवसांनी वा सलग आठवडाभराच्या झडीने. उलट, पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो व पाऊस डोंगरापलीकडे पडतो. तेव्हा प्रत्यक्ष नुकसान झालेली वाडी कागदावर कोरडी राहते आणि तिला मदतीसाठी पंचनाम्यावर अवलंबून राहावे लागते. पर्जन्यमापकांची संख्या वाढविणे हाच यावरील खरा उपाय दिसतो.

हिवाळी महिन्यांचे मूल्यमापन तुलनेने सोपे आहे. भातानंतर ओलीवर घेतलेल्या हरभरा, मसूर व वाल यांना कोरडी थंडी मानवते. ढगाळ हवा टिकल्यास वालावर मावा पडतो व आंब्याचा मोहोर काळवंडतो. मासिक सरासरी तापमानात याचा मागमूस लागत नाही, कारण ढगांमुळे दिवस थंड व रात्री उबदार होतात आणि दोहोंची सरासरी नेहमीसारखीच येते.

तुलनेची सरासरीही कायम नसते. हवामानशास्त्र विभागाने २०२२ पासून पर्जन्यासाठी १९७१–२०२० हा आधारकाल स्वीकारला. त्यापूर्वी तो १९६१–२०१० होता. त्यामुळे सीमारेषेवरील एखादा जुना महिना आज नव्याने तपासल्यास न्यून पावसाच्या वर्गातून सामान्य पावसाच्या वर्गात जाऊ शकतो.